उभ्या विमानाचा गारवा येतो कुठून?

मे महिन्यातली दुपार. विमान एअरोब्रिजला लागते, इंजिने बंद होतात, सीटबेल्टचा दिवा विझतो. दीडशे-पावणेदोनशे माणसे बॅगा काढून मधल्या वाटेत उभी राहतात. खाली काँक्रीट तापून निघालेले असते, वरून ऊन विमानाच्या पाठीवर पडत असते, तरी डोक्यावरच्या झरोक्यांतून गार हवा येत राहते. मुख्य इंजिने तर थांबली आहेत, मग ही हवा येते कुठून?

तिचे उगम दोन. एक विमानाच्या शेपटीत आणि दुसरा विमानाखाली, जमिनीवर. दोन्हींकडून येणारी हवा प्रवाशाला सारखीच लागते. पण इंधन, धूर, आवाज आणि पैसा यांचा हिशेब केला तर दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. विमान प्रदूषणाची चर्चा बहुतेक वेळा आकाशातल्या धुराबद्दल होते. उभ्या विमानाचा धूर मात्र आजच्या आज, माहीत असलेल्या यंत्रांनी थांबवता येतो आणि तरीही तो बऱ्याच ठिकाणी थांबत नाही.

विमान तापते कसे

प्रवासी विमान म्हणजे आतून जाड आवरण लावलेली लांब नळी. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५० अंशांच्या आसपास थंडी असते, तिच्यापासून आतल्यांना वाचवण्यासाठी हे आवरण. जमिनीवर मात्र तेच आवरण आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. खिडक्या उघडता येत नाहीत, म्हणजे वाऱ्याचाही उपयोग नाही.

त्यात माणसांची भर. शांत बसलेला प्रौढ माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. १८० प्रवासी बसले की १८ किलोवॅटची शेगडी आत पेटल्यासारखेच. शिवाय दिवे, पडदे, स्वयंपाकघरातली ओव्हन आणि कॉफीची यंत्रे, खिडक्यांतून येणारे ऊन. कॉकपिटच्या खाली संगणकांचा कप्पा असतो, तोही सतत उष्णता सोडतो. ही उपकरणे फार तापली तर इशारे वाजू लागतात. त्यामुळे उभ्या विमानाला गार ठेवणे ही केवळ प्रवाशांच्या सुखाची बाब नाही.

थंड देशांत प्रश्न उलटा होतो. रात्रभर बर्फात उभ्या राहिलेल्या विमानाच्या टाक्यांतले पिण्याचे पाणी गोठते, नळ फुटू शकतात, इंजिनातले तेल घट्ट होते, बॅटरीची ताकद घटते. म्हणून कडाक्याच्या थंडीत विमान रात्री उभे करायचे असेल तर पाण्याच्या टाक्या रिकाम्या करून ठेवतात.

शेपटीतले छोटे इंजिन

विमानाच्या शेपटीच्या टोकाला एक भोक दिसते. ते एपीयूचे, म्हणजे ऑक्झिलरी पॉवर युनिटचे धुराडे. एपीयू हे लहानसे गॅस टर्बाइन. ते विमानाला पुढे ढकलत नाही. वीज तयार करणे आणि दाबलेली हवा पुरवणे, एवढेच त्याचे काम. मोठी इंजिने सुरू करायला हीच दाबाची हवा लागते.

सुरुवातीच्या जेट विमानांत एपीयू नसे. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ घेतले, त्या पिढीतले विमान जमिनीवर उभे राहिले की वीज, गार हवा आणि इंजिन सुरू करण्यासाठी लागणारा दाब, सारे बाहेरच्या गाड्यांतून घ्यायचे. असा सरंजाम मोठ्या विमानतळांवरच असणार. लहान गावांतल्या विमानतळांसाठी बोइंगने ७२७ हे विमान काढले, तेव्हा त्यात एपीयू बसवला. ७२७ ची प्रवासी सेवा १९६४ मध्ये सुरू झाली आणि विमान जमिनीवर स्वावलंबी झाले. पुढे एपीयू ही नेहमीची गोष्ट झाली. सोय इतकी मोठी होती की विमानतळांवरच्या गाड्या मागे पडल्या.

एपीयूच्या हवेने गारवा कसा मिळतो, तेही पाहण्याजोगे आहे. एपीयूमधून निघणारी हवा दाबामुळे चांगलीच तापलेली असते. ती विमानाच्या पोटातल्या 'पॅक' नावाच्या यंत्रात जाते. तिथे बाहेरच्या हवेने तिला निववतात, पुन्हा दाबतात, पुन्हा निववतात आणि शेवटी एका टर्बाइनमधून एकदम पसरू देतात. पसरताना ती टर्बाइन फिरवते, त्यात तिची ऊर्जा खर्च होते आणि तिचे तापमान कोसळते. घरच्या एसीत लागतो तसा वायू यात लागत नाही, हवा स्वतःलाच गार करते. आकाशात ही रचना उत्तम. जमिनीवर मात्र रॉकेलसारखे इंधन जाळून हवा आधी तापवायची आणि मग गार करायची, असा हा द्राविडी प्राणायाम आहे.

एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ चा एपीयू ताशी साधारण १०० ते १३० किलो इंधन जाळतो. मोठ्या विमानांचा आकडा याच्या दुप्पट-तिप्पट. एक किलो विमान-इंधन जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक विमान ४५ मिनिटे उभे राहिले आणि तेवढा वेळ एपीयू चालला, तर ८० किलोच्या आसपास इंधन जाते आणि अडीचशे किलोंवर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आणि हे सारे एक इंचही प्रवास न करता.

जमिनीवरून वीज, जमिनीवरून हवा

एपीयू बंद ठेवायचा तर त्याची दोन्ही कामे जमिनीवरून करावी लागतात.

पहिले काम विजेचे. आपल्या घरात ५० हर्ट्झची वीज येते, विमानाला लागते ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झची. वारंवारता जास्त असली की ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी लहान व हलक्या करता येतात, आणि विमानात प्रत्येक किलोला मोल असते. विमानतळावर कन्व्हर्टर बसवून ही वीज तयार करतात आणि जाड केबलने पुढच्या चाकाजवळच्या सॉकेटमध्ये जोडतात. या जोडणीत सहा पिना असतात. चार जाड पिना विजेच्या आणि दोन बारीक, मुद्दाम आखूड ठेवलेल्या. प्लग जोडताना या आखूड पिना सगळ्यांत शेवटी टेकतात आणि काढताना सगळ्यांत आधी सुटतात. त्या सुटल्या की यंत्र वीज तोडते, म्हणजे जाड पिना बाहेर येईपर्यंत त्यांत वीज उरलेली नसते आणि ठिणगी उडत नाही. प्लग नीट बसला की कॉकपिटच्या छतावरच्या पट्टीत दिवा लागतो. वैमानिक बटण दाबतो आणि विमान जमिनीच्या विजेवर येते. त्या क्षणी आतले दिवे किंचित लुकलुकतात.

दुसरे काम हवेचे. यासाठीच्या यंत्राला पीसीए म्हणतात, म्हणजे प्रीकंडिशन्ड एअर, आधीच हवी तशी करून घेतलेली हवा. एअरोब्रिजच्या पोटाखाली कपाटाएवढा धातूचा खोका टांगलेला दिसतो, तेच हे यंत्र. त्यातून जाड, बहुधा पिवळ्या रंगाचा पाइप निघतो आणि विमानाच्या पोटाखाली जाऊन जोडला जातो. पाइप साधारण ३५ सेंटीमीटर व्यासाचा, पण विमानाच्या पोटावरचा जोड ८ इंची. जगभर हा जोड एकाच मापाचा ठेवला आहे, म्हणून कोणत्याही देशातला पाइप कोणत्याही विमानाला बसतो. ए३२० किंवा ७३७ ला एक जोड पुरतो, मोठ्या विमानांना एकाहून जास्त लागतात.

ही हवा पॅकना वळसा घालून थेट केबिनच्या वाटेला लागते. म्हणून पाइप जोडल्यावर पॅक बंद ठेवायचे असतात. दोन्ही एकदम चालवले तर आतल्या एकेरी झडपा धडधडू लागतात. आणखी एक पथ्य असे की, बाहेरून हवा भरली जात असताना तिला निघून जायला वाट हवी. दार किंवा हवा बाहेर सोडणारी झडप उघडी असल्याची खात्री करावी लागते, नाहीतर बंद विमानात दाब वाढू लागतो.

नागपूरचा चटका आणि मुंबईचा घाम

पीसीए यंत्र घरच्या एसीपेक्षा एका बाबतीत फार वेगळे आहे. घरचा एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, त्यामुळे त्याचे काम हळूहळू सोपे होत जाते. पीसीएला पूर्ण वेळ बाहेरची ताजी हवा ओढावी लागते. त्यामुळे बाहेरची हवा कशी आहे, यावर सारे अवलंबून.

इथे एक गंमत आहे. मे महिन्यात नागपूरला पारा ४४ अंशांवर आहे आणि मुंबईला ३३ वर, तर यंत्राला जास्त राबावे लागेल कुठे? कुणीही नागपूर म्हणेल. आता हिशेब मांडू. ए३२० एवढ्या विमानाला सेकंदाला साधारण एक किलो हवा लागते आणि ती ५ अंशांपर्यंत गार करायची आहे, असे धरू. नागपूरची दुपारची हवा कोरडी, आर्द्रता १५ टक्के. तिला गार करायला ४८ किलोवॅट लागतात, त्यातले ४० नुसते तापमान उतरवायला. मुंबईची हवा ३३ अंशांची, पण आर्द्रता ७५ टक्के. तिचे तापमान उतरवायला २९ किलोवॅट पुरतात, पण तिच्यातली वाफ पाण्यात उतरवायला आणखी ४६. बेरीज ७५ किलोवॅट, म्हणजे नागपूरच्या दीडपट.

मुंबईच्या त्या हवेतून तासाला ६५ लिटरच्या घरात पाणी निघते. ते यंत्राच्या नळीतून खाली गळत राहते. उन्हाळ्यात कोरड्या एप्रनवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या काँक्रीटच्या पटांगणावर, एअरोब्रिजखालीच ओल दिसली तर ती बहुधा या पाण्याची. हवेतला दमटपणा पुरता निघाला नाही तर केबिनच्या झरोक्यांतून पांढरी धूसर वाफ येताना दिसते. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत नवखे प्रवासी तिला धूर समजून घाबरतात. खरे तर ते धुके असते, गार हवेत तयार झालेले बारीक जलकण.

अर्थात नागपूरला दुसरे संकट असते. तिथे विमानाचा पत्राच इतका तापलेला असतो की आत आलेली गार हवा त्याच्याशी झगडण्यात खर्ची पडते. शिवाय पंख्याने हवा दाबली की तीही तापते आणि पाइपातून जाताना आणखी गरम होते. या साऱ्यासाठी जास्तीची ताकद ठेवावी लागते. म्हणून छोट्या विमानाच्या पीसीए यंत्राची क्षमताही ३० टनांच्या पुढे असते, घरातल्या दीड टनी एसीच्या वीसपट किंवा त्याहून जास्त. मोठ्या विमानांसाठी हा आकडा १०० टनांच्या आसपास जातो.

थंडीच्या देशातला उलटा खेळ

विमान गार करण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस ते गरम करत आला आहे. अलास्का आणि उत्तर कॅनडात पूर्वीचे वैमानिक रात्री इंजिनातले तेल काढून निवाऱ्यात नेत. सकाळी इंजिनावर कॅनव्हासचा तंबू घालून त्याखाली स्टोव्ह पेटवत, तेल तापवून परत ओतत आणि मगच पंखा फिरवत. तंबूला आग लागून विमानच गमावण्याचे प्रकार त्यात घडत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अलास्कामार्गे सोव्हिएत रशियाला विमाने पाठवली, तेव्हा हर्मन नेल्सन कंपनीचे हीटर विमानांच्या दिमतीला आले. चाकांवरची भट्टी, पंखा आणि कापडी पाइप, एवढेच ते यंत्र. 'हर्मन नेल्सन' हे नाव पुढे ध्रुवीय प्रदेशात अशा कुठल्याही हीटरला चिकटले.

आजच्या पीसीए यंत्रात गरम आणि गार दोन्ही सोयी असतात. काही विमानतळांनी प्रत्येक बेवर, म्हणजे विमान उभे करण्याच्या ठरलेल्या जागेवर, वेगळे यंत्र न बसवता एकच मोठे केंद्र उभारले आहे. अमेरिकेतल्या सिअॅटल-टॅकोमा विमानतळावर २०१३ मध्ये असे केंद्र पूर्ण झाले. तिथे गार आणि गरम द्रव तयार होतो, नळांतून तो बेपर्यंत जातो आणि तिथे फक्त हवा त्यावरून फिरवली जाते. यामुळे वर्षाला ४० हजार टनांच्या आसपास हरितगृह वायू वाचतील, असा विमानतळाचा अंदाज होता. अशा कामांना अमेरिकेचे हवाई प्रशासन 'व्हेल' नावाच्या योजनेतून अनुदान देते.

युरोपने सक्तीचा मार्ग धरला. झुरिचला ज्या बेवर जमिनीवरची वीज आणि हवा आहे, तिथे एपीयू चालवायला निर्बंध आहेत. कोपनहेगनला प्रश्न वेगळ्या बाजूने पुढे आला. एप्रनवर काम करणाऱ्यांच्या श्वासात किती अतिसूक्ष्म कण जातात, हा तिथे कामगारांच्या आरोग्याचा विषय झाला आणि एपीयू किती मिनिटे चालवायचा याची मर्यादा कडक करण्यात आली. ही बाब आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. प्रवासी विमानाजवळ काही मिनिटे असतो, सामान चढवणारा लोडर आठ-आठ तास. एपीयूचा कर्कश आवाज आणि धूर त्याच्या वाट्याला येतो.

यंत्र आहे, मग एपीयू का चालतो?

दिल्लीचे टर्मिनल तीन २०१० मध्ये सुरू झाले, मुंबईचे टर्मिनल दोन २०१४ मध्ये. दोन्हीकडे एअरोब्रिजवरच वीज आणि हवेची यंत्रे बसवली आहेत. हिशेब त्यांच्या बाजूने आहे. भारतातली एक युनिट वीज तयार होताना सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ए३२० साठी ४५ मिनिटांची वीज आणि गार हवा मिळून ७० युनिटांच्या आसपास लागतील असे धरले, तर सुमारे ५० किलो कार्बन डायऑक्साइड होतो. एपीयूच्या अडीचशेच्या तुलनेत हा पाचवा हिस्सा, तोही कोळशाची वीज धरून. सौर किंवा पवन वीज वापरली तर आणखी कमी.

असे असूनही एपीयू चालू राहतो, त्याची कारणे एप्रनवरच दिसतात. पहिले कारण वेळ. विमान २५-३० मिनिटांत परत निघायचे असते. पाइप जोडायला, केबिन गार व्हायला आणि निघण्याआधी पाइप काढायला त्यातलीच मिनिटे जातात. दुसरे कारण हाताळणी. पाइप जड असतो, उन्हात वाकून ओढावा लागतो. घाईत तो वेडावाकडा पडला, त्याला एक पीळ बसला किंवा गरजेपेक्षा लांब पाइप तापल्या काँक्रीटवर लोळत राहिला, की टोकाला येणारी हवा कोमट होते. केबिन क्रू तक्रार करतो, वैमानिक एपीयू चालू करतो आणि पुढच्या वेळी पाइप मागवायच्या भानगडीतच पडत नाही. यंत्र चांगले, पण पाइपने नाव घालवले, असे होते.

तिसरे कारण पैशाचे. यंत्र विमानतळ विकत घेतो, वीजही त्याची. इंधनाची बचत मात्र विमान कंपनीची. म्हणून विमानतळ वापराचे शुल्क लावतो आणि कंपनी हे शुल्क व इंधनाचा खर्च यांची तुलना करते. इंधन स्वस्त असले किंवा शुल्क ठोक असले, तर पाइप तसाच गुंडाळलेला राहतो. चौथे कारण जागेचे. बसने जावे लागते त्या रिमोट बेवर एअरोब्रिजच नसतो. तिथे वीज आणि हवा डिझेलच्या गाड्यांतून येते. त्या एपीयूपेक्षा कमी इंधन पितात, पण धूर त्यांचाही असतोच. आता बॅटरीवरच्या वीजगाड्या आल्या आहेत. मात्र गार हवेला वीज फार लागते, त्यामुळे बॅटरीवरची एसी गाडी करणे त्यामानाने अवघड.

आणि एपीयू कधी तरी बिघडतोच. एपीयू बंद असलेल्या विमानाला ठरावीक अटींवर उड्डाणाची परवानगी असते. अशा वेळी जमिनीवरची गार हवा मिळाली नाही, तर प्रवासी बोर्डिंग पास हलवत वारा घेताना दिसतात. दर उन्हाळ्यात समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या अशा व्हिडिओंमागे बऱ्याचदा हेच साधे कारण असते.

प्रवाशाने काय समजून घ्यावे

निघण्याच्या थोडे आधी एपीयू सुरू करतात आणि मग पाइप व केबल काढतात, कारण एअरोब्रिज मागे घ्यायचा असतो. पुशबॅकनंतर, म्हणजे विमान मागे ढकलल्यावर, इंजिन सुरू होताना एपीयूची दाबाची हवा इंजिनाकडे वळवतात, तेवढा वेळ पॅक बंद राहतात. झरोके अचानक गप्प होतात आणि केबिन एक-दोन मिनिटे कोंदट वाटते, ते यामुळे. बिघाड नसतो. बोइंग ७८७ मध्ये मात्र इंजिने विजेवर सुरू होतात आणि केबिनची हवाही विजेच्या कॉम्प्रेसरमधून येते. त्यामुळे अशा विमानाला जमिनीवरून वीज जास्त लागते.

मोठ्या विमानतळांवर यंत्रे आली आहेत, आता मोजमाप बदलायला हवे. किती एअरोब्रिजवर पीसीए बसवले, हा आकडा निविदेपुरता ठीक. विमान बेवर उभे असताना एपीयू किती मिनिटे चालला, हा आकडा प्रत्येक विमानतळाने दर महिन्याला जाहीर करावा. शुल्क मिनिटांवर लावावे, पाइप वेळेवर बदलावेत आणि ते ओढणाऱ्या माणसाला हाताने ओढावे लागणार नाहीत अशी गुंडाळीची सोय द्यावी. इतक्याने बराच फरक पडेल. प्रवाशाच्या हातातही एक गोष्ट आहे. अमेरिकेत काही कंपन्या उन्हाळ्यात उतरताना खिडक्यांचे पडदे खाली ओढून जायला सांगतात. आपल्याकडे कोणी सांगितले नाही तरी, विमान थांबले की पडदा ओढून मगच जागेवरून उठा.